वेध लागण्याआधी: मराठी वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना खुले पत्र

मराठी वृत्तवाहिन्यांच्या सर्व संपादकांस,


सोमवार, 2 ऑगस्ट 2027. ही तारीख तुमच्या नियोजनाच्या वहीत अजून पडली नसेल, तर आजच लिहून ठेवा. त्या दिवशी आषाढातली दिव्याची अवस. सोमवार आला म्हणून सोमवती अमावास्या. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. आणि दुपार कलल्यावर महाराष्ट्रातून दिसणारे खंडग्रास सूर्यग्रहण, अर्थात पावसाच्या ढगांनी दिसू दिले तर. एवढा ऐवज एकाच दिवशी हाती आल्यावर तुमच्या पडद्यावर काय होईल, ते मला आत्ताच दिसते आहे. लाल पार्श्वभूमी, कडाडणारे संगीत, काळी पडत जाणारी तबकडी आणि खाली पळणारी पट्टी: 'या पाच राशींनी सांभाळून राहा'.

म्हणून हे पत्र आधीच लिहिते आहे. ऐन दिवशी लिहिले तर तुम्हाला वाचायला सवड नसते आणि मला लिहायला डोके शांत नसते.

आधी माझ्याबद्दल थोडेसे. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, आता निवृत्त आहे. देवाधर्माचे माझ्याकडून काही होत नाही. आमच्या सासूबाई मात्र ग्रहण मनापासून पाळत. लोणच्याच्या बरणीवर दर्भ, पाण्याच्या हंड्यात तुळशीचे पान, मोक्ष झाला की डोक्यावरून आंघोळ. त्या आत जप करत बसायच्या, मी मुलांना घेऊन गच्चीवर जायची. यावरून आमचे कधी वाजले नाही. कोणी उपास करावा, कोणी नदीवर जावे, कोणी पोथी वाचावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, आणि माझी तक्रार त्या माणसांबद्दल नाहीच. तक्रार तुमच्याबद्दल आहे. सासूबाई स्वतःपुरते पाळायच्या. तुम्ही घराघरात जाऊन घाबरवता.

पंचांगाने नाही म्हटले तरी घाबरवता, हे आणखी विशेष. 8 एप्रिल 2024 चे खग्रास सूर्यग्रहण मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडातून दिसले. आपल्याकडे तेव्हा रात्र होती. आमच्याकडच्या पंचांगांचा नियम सरळ आहे: जिथे ग्रहण दिसत नाही तिथे वेधबिध काही पाळायचे नाहीत. तरी गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी काही वाहिन्यांवर बारा राशींवरचे परिणाम रंगलेच. टेक्सासमध्ये पडलेली सावली तासगावच्या वृश्चिक राशीवाल्याला कशी बाधणार, हे कोणी विचारले नाही. धर्मशास्त्रापेक्षाही कडक सोवळे पाळणारी ही नवी जमात तुमच्या स्टुडिओत जन्माला आली आहे.

गरोदर बायकांचेही तेच. बालक, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना पंचांगकर्ते वेधाच्या लांबलचक नियमातून बरीच सूट देतात. ती सूट तुमच्या पट्टीत येत नाही. पट्टीत येते ते 'गर्भवतींनी चिरू नये, कापू नये, बाहेर पडू नये'. विळीवर भाजी चिरली की बाळाचा ओठ फाटतो, ही भीती आजही मुलींना घातली जाते. बाळाचा वरचा ओठ जुळतो तो गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात. त्या दिवसांत पुष्कळ जणींना आपल्याला दिवस गेले आहेत हेसुद्धा पक्के ठाऊक नसते. मग सातव्या महिन्यातल्या पोरीला खोलीत कोंडून, घोटभर पाणी न देता, कोणता ओठ वाचवतो आहोत आपण? 2020 च्या जूनमधल्या ग्रहणात इस्लामपुरात एका गर्भवतीने अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांसोबत बसून भाजी चिरली, खाल्ले, पाणी प्यायले, सूर्यही पाहिला. पुढे बाळ धडधाकट जन्मले. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, हे मी वर्गात शिकवत आले आहे. पण घाबरलेल्या दहा घरांना तेवढेही पुरते, आणि ती बातमी तुमच्याकडे बारा राशींच्या मानाने किती मिनिटे चालली, ते तुम्हीच तपासा.

भीती नेहमी एवढ्यावरच थांबत नाही. 26 डिसेंबर 2019 च्या कंकणाकृती ग्रहणात कर्नाटकातल्या कलबुर्गीजवळ ताजसुलतानपूरला अपंग मुलांना गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवले होते. ग्रहणकाळात पुरले की व्यंग जाते, असा समज. ती दृश्ये तुम्हीच दाखवलीत, हळहळलातही. त्याच सकाळी तुमच्याच पडद्यावर ग्रहणाची अद्भुत शक्ती समजावून सांगणारा पाहुणा बसलेला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे न्यूजरूममध्ये कोणाच्या मनात आले का?

आता टीव्हीचाच इतिहास थोडा सांगते, कारण तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेले नव्हते. 16 फेब्रुवारी 1980 ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कारवार, हुबळी, रायचूरवरून गेला. मुंबईत रस्ते ओस पडले होते. लोकांनी घरातच थांबावे म्हणून दूरदर्शनने त्या दुपारी 'चुपके चुपके' हा सिनेमा लावला. हेतू चांगला होता, डोळे जाऊ नयेत हा. पण एक अख्खी पिढी आकाशातला तो देखावा सोडून धर्मेंद्रला बघत बसली. (सिनेमा झकास आहे, यात वाद नाही. पण तो परत लागतो.) मग आले 24 ऑक्टोबर 1995. दिवाळीतली ती अमावास्या होती. नीम का थानापासून डायमंड हार्बरपर्यंत, जेमतेम मिनिटभराची खग्रास स्थिती. तेच दूरदर्शन या वेळी कॅमेरे घेऊन पट्ट्यात जाऊन उभे राहिले आणि प्राध्यापक यशपाल यांनी ते ग्रहण देशाला समजावून सांगितले. घाबरवणे नाही, की पंतोजीपणा नाही. हिऱ्याची अंगठी दिसली तेव्हा त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. आमच्या चाळीतल्या ज्या बायका 1980 ला खिडक्यांना पडदे लावून बसल्या होत्या, त्या 1995 ला टीव्हीसमोर दाटीवाटीने बसल्या. पंधरा वर्षांत एवढा फरक एका सरकारी वाहिनीने पाडून दाखवला.  तुमच्याकडे ड्रोन आहेत, उपग्रह आहेत, जिल्ह्याजिल्ह्यात वार्ताहर आहेत. आणि तुम्ही घड्याळ 1980 च्याही मागे फिरवले.

मला कोणी म्हणेल, बाई, परंपरेचा काही मान ठेवाल की नाही? परंपरेचाच मान ठेवा म्हणते आहे मी. आर्यभटाने 499 सालीच लिहून ठेवले की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी छाया झाकते. वराहमिहिरानेही राहूची कथा बाजूला ठेवली. पुढे ब्रह्मगुप्ताने एक गंमत केली. गणित सगळे छायेचेच केले, आणि वर आर्यभटाला रागेही भरला, की राहू नाही म्हणतोस म्हणजे काय! अल्बेरूनीला हे फार खटकले होते. मला वाटते, 'दोन्ही बाजू' मांडणारा आपल्याकडचा पहिला चर्चासत्रवाला ब्रह्मगुप्तच. पण तोही आकडे छायेवरूनच काढत होता, हे विसरू नका.

आणि ही काही कुठल्या दूरच्या पाटलीपुत्राची गोष्ट नाही. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचा गणेश दैवज्ञ. त्याने 1520 च्या सुमाराला 'ग्रहलाघव' लिहिला. ज्या-कोज्यांची किचकट कोष्टके त्याने काढूनच टाकली आणि साध्या गुणाकार-भागाकारात ग्रहणे बसवली. पुढची तीन-साडेतीनशे वर्षे महाराष्ट्रातली पंचांगे त्याच्यावर चालली. गणिताला आणि आकाशाला फरक पडू लागला, तेव्हा केरूनाना छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात नवी कोष्टके रचली आणि त्यातून पटवर्धनी पंचांग निघाले. वाद झाले, जुन्या मंडळींनी नाके मुरडली. पण जे जुळत नाही ते दुरुस्त केले पाहिजे, ही चाड त्या लोकांना होती. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'चा इतिहास 1896 चा आहे. तो एकदा तुमच्या ग्रंथालयात घ्या. पाचशे रुपयांच्या पाहुण्यापेक्षा जास्त दिवस कामाला येईल.

माझे म्हणणे खरे तर इथेच आहे. ग्रहणाच्या दिवशी तुमच्या स्टुडिओत दोन भाकिते शेजारी शेजारी बसलेली असतात. एक म्हणते, स्पर्श अमुक वाजून अमुक मिनिटांनी. तुम्ही कॅमेरा लावता आणि बरोब्बर त्या मिनिटाला सूर्याच्या कडेला खाच पडते. दुसरे म्हणते, मेष राशीला धनहानी, कर्केला मानसिक त्रास. याच्यावर कॅमेरा कोणीही लावत नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. ती ढोबळ मानाने बारांत वाटली तर एकेका राशीला सुमारे 94 लाख माणसे येतात. त्या 94 लाखांची धनहानी झाली का, हे विचारायला सहा महिन्यांनी तुमचा कोणी वार्ताहर बाहेर पडला आहे का? पहिल्या भाकिताची पत वापरून दुसरे खपवले जाते, आणि पंचांगाच्या त्याच पानावर दोन्ही असल्यामुळे प्रेक्षकाला वाटते की दोन्ही एकाच टाकसाळीत पडलेली नाणी आहेत.

ज्यांनी तपासून पाहिले, ते आपल्यातलेच होते. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये पुण्यात ज्योतिषांना जाहीर आवाहन केले. शंभर हुशार मुले आणि शंभर मतिमंद मुले यांच्या कुंडल्या जमवल्या होत्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस द्यायच्या आणि कोणती कुंडली कोणत्या मुलाची, एवढेच ओळखायला सांगायचे. एकूण 27 जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर निघाली 46 टक्के. नाणे उडवले असते तर पन्नासच्या आसपास आली असती. या नारळीकरांना आपण आयुष्यभर हार घातले, ते गेले तेव्हा तुम्ही दिवसभर गौरवाचे कार्यक्रम केलेत. मग दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता राशिभविष्य होतेच.

ज्योतिषांपेक्षाही मला आणखी एका पाहुण्याचा धसका आहे. तो कोट घालून येतो आणि प्रत्येक नियमामागचे 'वैज्ञानिक कारण' सांगतो. ग्रहणात घातक किरण वाढतात, अन्नात जंतू वाढतात, वगैरे. अहो, चंद्रग्रहणात काय कमी होते, तर चांदणे. दर अमावास्येला ते मुळीच नसते, तेव्हा तुमची आमटी आंबते का? सूर्यग्रहणात नवे किरण कुठून येणार? सूर्य तोच आणि मध्ये चंद्र आला आहे, म्हणजे ऊन उलट कमीच. खरा धोका एकच, उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे टक लावून पाहण्याचा, आणि तो ग्रहण नसतानाही असतो. ग्रहणात ऊन मंदावते, डोळे दिपत नाहीत, म्हणून माणूस जास्त वेळ पाहतो आणि डोळ्याचा पडदा भाजतो. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल यातले काही चालत नाही, प्रमाणित ग्रहणचष्माच हवा. आणि 2 ऑगस्टला आपल्याकडे खंडग्रास असल्याने तो एक क्षणही काढायचा नाही. ही माहिती जीव तोडून सांगण्यासारखी आहे. नेमकी हीच उडत उडत जाते.

विज्ञानवाले म्हणवणाऱ्यांचीही कानउघाडणी करते, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात लॉकियरने तिथे उभे राहून हेलियम शोधला, असे सांगतात. दरवर्षी त्या तारखेला हेलियम दिनाची बातमी येते. खग्रास पट्टा विजयदुर्ग, जमखंडी, विजापूर करत गुंटूरकडे गेला होता, हे खरे. पण लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होता. गुंटूरला होता तो फ्रान्सचा जान्सेन. लॉकियरने ग्रहणाशिवायच, ऑक्टोबरात, इंग्लंडातून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमचे नाव पडले. कोकणाचा अभिमान मलाही आहे, पण आपली ती आवडती गोष्ट म्हणून कागद न तपासता सांगायची, तर मग राशीवाल्यांना कोणत्या तोंडाने हटकायचे?

7 सप्टेंबर 2025 तुम्हाला आठवत असेल. लालबागच्या राजाचे विसर्जन गिरगाव चौपाटीवर अडले होते. भरती चढलेली, मूर्ती तराफ्यावर घेता येईना. त्यात रात्री खग्रास चंद्रग्रहण, दुपारपासूनच वेध. मग चर्चा सुरू झाली, वेधात विसर्जन चालते का, अनिष्ट होईल का. लाखो डोळे पडद्याला खिळलेले होते. त्या वेळी एखाद्या कोळीदादाला विचारले असते तरी त्याने सांगितले असते, की पुनवेला आणि अवसेला समुद्राला उधाण येते. सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत आले की भरती मोठी होते. ती रेष अगदी नेमकी जुळली की ग्रहण होते. म्हणजे ज्या जुळणीने राजाला वाळूवर थांबवले, तीच त्या रात्री चंद्राला तांबडा करणार होती. एवढी सुंदर गोष्ट, भाविकाला आणि नास्तिकाला सारखीच आवडेल अशी, आणि तुम्ही ती हातची घालवलीत. विसर्जन नऊच्या सुमाराला पार पडले. गडद छाया चंद्राला टेकायला तेव्हा तासभर अवकाश होता.

कायद्याची भाषा मला फारशी आवडत नाही, पण थोडी काढावी लागते. केबल टेलिव्हिजनच्या 1994 च्या नियमांमधली कार्यक्रम संहिता अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवू नये, असे स्पष्ट सांगते. वृत्तवाहिन्यांच्या संघटनेच्या आचारसंहितेतही तेच आहे. ती कोणी सरकारने लादलेली नाही, तुमच्यातल्याच लोकांनी लिहिली. हनुमान चालिसा यंत्राच्या जाहिरातींवरून जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने वाहिन्यांचीही जबाबदारी ठरवली. दाभोलकरांच्या खुनानंतर आलेल्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने मात्र जोशी-ज्योतिषांच्या सल्ल्याला हात लावलेला नाही. तो लावावा, असे माझेही म्हणणे नाही. बंदी घातली की माणूस हुतात्मा होतो आणि धंदा दुप्पट चालतो.

तेव्हा ज्योतिषांना बोलवा. खुशाल बोलवा. फक्त एक करा. 2 ऑगस्टला ते जे सांगतील, ते तारीख-वारासह, मोघम शब्द गाळून, त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. 'काहींना त्रास संभवतो' चालणार नाही. कोणाला, कोणता, कधीपर्यंत, ते लिहायचे. पाकीट त्यांच्यासमोर बंद करा आणि त्यापुढच्या फेब्रुवारीत त्यांनाच बोलावून, त्यांच्यासमोरच पडद्यावर फोडा. बरोबर आले तर मी स्वतः येऊन त्यांच्या हातावर पेढा ठेवीन. कार्यक्रम म्हणूनही हा चालेल, मी सांगते. निकाल लागणारी गोष्ट लोक बघतात. आपल्याकडे क्रिकेट त्याचसाठी तर बघतात.

दुसरे, त्या दुपारी एक तरी कॅमेरा शाळेच्या पटांगणात पाठवा. 2019 च्या ग्रहणात आमच्या पोरांनी काय काय केले ते सांगते. पिठाची चाळणी उन्हात धरून पाहिली, काही जमले नाही, छिद्रे फार बारीक आणि जवळजवळ. मग शिपाईमावशींनी स्वयंपाकघरातून बुंदीचा झारा आणला. तो फरशीपासून हातभर वर धरला आणि खाली एकेका छिद्राची एकेक चंद्रकोर उमटली. सगळ्या एकाच बाजूला तोंड केलेल्या. कडुनिंबाखाली तर जमीनभर कोरी पसरल्या होत्या, पाने हलली की त्या हलायच्या. पाचवीतली एक मुलगी त्यांच्यावर पाय न पडू देता उड्या मारत चालली होती. तिची आई फाटकाशी आली, टीव्हीवर सांगितले म्हणून पोरीला घरी न्यायला. कोरी पाहून तीही आत आली, आणि झारा हातात घेऊन बराच वेळ तो वर-खाली करत राहिली. वर धरला की कोर मोठी आणि पुसट, खाली आणला की लहान. असे का होते, हे तिने मला विचारले. ग्रहणाच्या दिवशी विचारण्यासारखा प्रश्न तो आहे, आणि त्याचे उत्तर द्यायला पॅनेल लागत नाही.

ढग आलेच तर इजिप्तमधल्या लक्झरचे चित्र घ्या. खग्रास पट्टा त्या दिवशी स्पेनच्या दक्षिणेकडून मोरोक्को, इजिप्त, मक्का, येमेनवरून जातो आणि लक्झरजवळ सहा मिनिटांहून जास्त अंधार राहणार आहे. आपल्याला उभ्या आयुष्यात याहून लांबलचक खग्रास दिसायचे नाही. त्या सहा मिनिटांत पडद्यावर पट्टी चालवू नका, निवेदकालाही गप्प बसू द्या.

आणि कॅमेऱ्यासाठी सौर फिल्टर लागेल. तो आधीच मागवून ठेवा, आदल्या आठवड्यात सगळीकडचा संपलेला असतो.


आपली,
एक प्रेक्षक, निवृत्त विज्ञानशिक्षिका